खरात कंडक्टरांची मुक्कामी चवळी

गणपती विसर्जनानंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेनऊची वेळ. रक्कम पाचशे रुपये. शंभराच्या पाच नोटा कॉलनीतल्या मंदिराच्या ओट्यावर ठेवलेल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एक नारळ. हजर होते ते असे: कॉलनी समितीचे सचिव गोरे, खजिनदार म्हणून मी, ज्यांच्या दारात त्या वर्षी चवळी लागली होती त्या अकरा घरांतली माणसं, आणि ज्यांना हे पाचशे रुपये द्यायचं ठरलं होतं ते किसनराव खरात, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर.

त्या बैठकीचं इतिवृत्त गोरेंनी लिहिलं आहे. त्यात शेवटी एक वाक्य आहे: ‘विषय सामोपचाराने मिटला.’ तो मिटला नाही. मी तिथे बसलेला होतो. ते वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आहे म्हणून मी हे लिहितो आहे. इतिवृत्तात खरात ‘एक रहिवासी’ एवढेच आहेत. तो माणूस त्याहून बराच जास्त होता.

आमची कॉलनी जालना शहराच्या कडेला आहे. चोवीस रो-हाउस, मधे मोकळी जागा, तिला तारेचं कुंपण. खरात नऊ नंबरच्या घरात मुलाकडे राहायला आले तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण त्यांच्या पायांना ते कळलेलं नव्हतं. उभे राहताना दोन्ही पाय फाकून, कंबर कशाला तरी टेकवून उभे राहत, पुढच्या वळणावर गाडी हिसका देणार असल्यासारखे. पानटपरीच्या खांबाला टेकत, मंदिराच्या कठड्याला टेकत, आणि टेकायला काहीच नसलं तर शेजारच्या माणसाला. आवाज इतका मोठा की सकाळी सहाला ते सुनेला चहा मागत आणि आमच्याकडे दूध तापत ठेवलं जाई. आम्हाला ते नावाने कधीच ओळखत नसत. घर नंबर हाच सीट नंबर. मी बारा नंबर. गोरे चार नंबर. “बारा नंबर, जरा आत सरका,” असं म्हणून ते कट्ट्यावर बसत, मग कट्टा पूर्ण रिकामा का असेना.

त्यांच्याकडे जुनी पत्र्याची तिकिटांची पेटी होती. यंत्रं आली आणि तशा पेट्या बंद झाल्या, त्यातली ही एक. ज्या खणांत पूर्वी वेगवेगळ्या भाड्याची तिकिटं असत त्या खणांत आता बिया होत्या. एकात दोडका, एकात गवार, एकात भेंडी. सगळ्यात रुंद खण चवळीचा. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की खरात ती पेटी बगलेत मारून कॉलनीत फिरायचे आणि प्रत्येक फाटकाशी थांबून विचारायचे, “हां, कुठं जायचं?”

म्हणजे, चवळी कुठे लावणार?

मग ते स्वतः आत शिरून जागा बघत. ऊन किती वेळ, माती किती खोल, वेल चढणार कशावर. पसंत पडलं तर पेटी उघडायची. नाहीतर, “हे तिकीट इथं चालणार न्हाई, उतरा खाली.” माझं घर उत्तरेला तोंड करून आहे आणि पुढे समोरच्या घराची सावली. मला त्यांनी चवळी कधीच दिली नाही. मी एकदा आग्रह धरला. ते म्हणाले, “बारा नंबर, तुमच्याकडं ऊनच न्हाई तर मी काय करू? बी काय सीट हाये का, दाबून बसवायला?” वीस नंबरवाल्यांकडे दिवसभर ऊन होतं, पण त्यांनाही नाही. कारण विचारलं तर म्हणाले, “ते पायरीवर उभं राहायचे. भोकरदनच्या गाडीला. सांगून सांगून तोंड दुखलं माझं.” त्या गोष्टीला वीस वर्षं झाली असतील. वीस नंबरवाले शपथेवर सांगत की आपण भोकरदनला जन्मात दोनदाच गेलो, तेही जीपने. उपयोग झाला नाही.

चवळी त्यांच्या आईची होती, टेंभुर्णीच्या परसातली. शेंग हातभर लांब, टोकाला जांभळट, दाणा तांबूस आणि डोळ्याभोवती फिकट. त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘मुक्कामी’. बाकीच्या चवळ्या महिनाभर शेंगा देऊन उरकतात, ही दिवाळीपर्यंत देत राहते. “मुक्कामाची गाडी हाये ही. रात्री गावातच झोपती, सकाळी पयली सुटती.” आई गेली. परसाच्या जागी भावाने पत्र्याचं गोदाम बांधलं. बांधावर चवळी टोचणारं कोणी उरलं नाही, सगळीकडे सोयाबीन आणि कपाशी. खरातांच्या पेटीत जे होतं तेवढंच. ही गोष्ट त्यांनी कॉलनीत प्रत्येकाला निदान दोनदा सांगितलेली होती. कोणाला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो.

लावायची पद्धतही ते ओरडूनच सांगत. एका जागी दोन दाणे, बोटाची दोन पेरं खोल, दोन जागांत हातभर अंतर. दाणे भिजत घालायचे नाहीत, कुजतात. उगवल्यावर दोनातलं एक, जे जोमाचं असेल ते ठेवायचं. आणि खत जवळजवळ नाहीच. या शेवटच्या मुद्द्यावर सतरा नंबरमधल्या बँकवाल्यांनी त्यांचं ऐकलं नाही. दर पंधरवड्याला युरिया घातला. वेल दुसऱ्या मजल्यावर गेला, खिडकी झाकली, पानं तळहाताएवढी, आणि शेंग एक नाही. खरात त्या वेलाखाली कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “नुसती गाडी भरली हो, पण एकानं तिकीट काढलं न्हाई!”

त्यांचंही चुकायचं. एका वर्षी कोवळ्या वेलांवर काळा मावा पडला. खरातांनी त्यावर राख मारली, ती इतकी की पानंच करपली. मी ते दाखवलं तर म्हणाले, “राख माझी नव्हती. हॉटेलातून आणल्ती. त्यांचा कोळसाच खराब.” पोरांचा चेंडू कुंपणात गेला की तो ते परत देत नसत. त्यांच्या पलंगाखाली चेंडूंचा एक डबाच होता, असं सून सांगायची. आणि त्यांनी चवळी लावली ती जागाही त्यांची नव्हती. मोकळ्या जागेच्या कुंपणाला, पूर्वेकडच्या अंगाला, पंचवीस-तीस फूट लांब. आधीच्या सचिवांनी तोंडी हो म्हटलं होतं, लेखी काही नव्हतं. न्यायाने बोलायचं तर हे सगळं सांगायला हवं. पण यातलं काहीही पुढच्या गोष्टीचं कारण नव्हतं.

आता त्यांचा नियम. बी ते विकत नसत आणि फुकटही देत नसत. एकदा गोरेंनी मूठभर दाणे घेऊन वीसची नोट पेटीवर ठेवली आणि निघून गेले. खरात लुंगीवर त्यांच्या मागे धावले. “चार नंबर! ओ चार नंबर! हे सुट्टे घ्या तुमचे!” गोरे म्हणाले, “राहू द्या हो काका, तुमची मेहनत असते.” खरात म्हणाले, “मेहनतीचं न्हाई म्हणून राह्यलो मी. बी पैशानं फिटत न्हाई. एक वाळलेली शेंग आणून द्यायची. तिच्यात बारा-चौदा दाणे निघत्यात. तुमचं फिटलं, माझं बी राह्यलं. बराबर?”

“बराबर,” गोरे म्हणाले होते. मी तिथे होतो.

शेंग राखायची रीत त्यांच्या आईची होती. पहिल्या बहरात वेलाच्या बुडाशी ज्या शेंगा लागतात त्या सगळ्यात भरदार. भाजीला मोह पडतो तो त्याच तोडायचा. म्हणून त्यातल्या निवडक शेंगांच्या देठाला लाल दोरा बांधायचा. दोऱ्याच्या शेंगेला घरातल्या कोणीही हात लावायचा नाही, पाहुणा आला तरी नाही. वेलावरच ती पिवळी होऊ द्यायची, वाळू द्यायची, हलवली की आत दाणे खुळखुळले पाहिजेत, मग तोडायची. बाकीच्या शेंगा मात्र दिवसाआड तोडायच्याच, नाहीतर वेल थांबतो. दर वर्षी ऑगस्टमध्ये कुंपणावर असे पंधरा-वीस लाल दोरे दिसायचे.

या दोऱ्यांमुळे एक गंमत झाली. मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत मंगलबाई राहतात. नवरा टेम्पो चालवतो, मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. मंगलबाईंनी येता-जाता हे दोरे पाहिले, खरात रोज सकाळी एकेका दोऱ्याला हात लावून पुटपुटताना पाहिले, आणि त्यांची खात्री झाली की हे नवसाचं ठिकाण आहे. खरात पुटपुटत होते ती खरं तर माव्याला शिवी असायची. एका सकाळी कुंपणाच्या खांबाला एक नवा दोरा बांधलेला निघाला, खाली हळदकुंकू आणि दोन अगरबत्त्या. मी खरातांना म्हटलं, सोडून टाका, उद्या लोक नारळ फोडायला येतील. ते अगरबत्तीकडे बघत म्हणाले, “कामून सोडायचा? तिचं बी कायतरी वाळून राह्यलं असंल.”

हे सगळं त्या वर्षापर्यंतचं. त्या वर्षी खरातांनी एक गोष्ट केली जी त्यांनी आधी केली नव्हती. पेटी पूर्ण रिकामी केली. आदल्या पावसाळ्यात बियांना भुंगा लागून अर्धा खण पोकळ झाला होता. ते म्हणाले, “सगळे प्रवासी एका गाडीत भरले की हेच व्हतं. आता अकरा गाड्यांत वाटतो. एक बंद पडली तर दुसरी पोचंल.” अकरा घरं त्यांनी स्वतः निवडली. प्रत्येकाकडून तोंडी कबुली घेतली: पहिल्या बहराच्या दोन शेंगांना दोरा, वाळली की एक आणून द्यायची. दोरा त्यांनीच वाटला, एकाच रिळाचा. उरलेले दाणे कुंपणापाशी टोचले. पेटीतला चवळीचा खण त्यांनी मला उघडून दाखवला. तळाचा पत्रा दिसत होता.

ऑगस्टात चवळी अशी आली की कॉलनीत भाजीवाल्याचा गाडा थांबेना. बँकवाल्यांनीही या वेळी युरिया घातला नव्हता. खरात संध्याकाळी अकरा घरांवरून एकदा चक्कर मारत आणि फाटकावरूनच ओरडत, “सतरा नंबर, दोरा दिसून न्हाई राह्यला!” “बांधलाय हो काका, मागच्या बाजूला!” “मागच्या बाजूला काय, टपावर?”

मग समितीला मोकळ्या जागेत व्यायामाची यंत्रं बसवून मिळाली. गणेश चतुर्थीला पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. गोरेंनी फिरवलेल्या सूचनेत दोन गोष्टी होत्या. एक, कुंपण मोकळं करून रंगवायचं, कारण त्यावर ‘रान माजलं आहे व अंधश्रद्धेचे दोरे बांधलेले आहेत, पाहुण्यांपुढे ते शोभणार नाही’. दोन, सर्वांनी घरापुढची वेल-झुडपं काढून अंगण स्वच्छ करावं, सर्वात स्वच्छ अंगणाला प्रेशर कुकर. मी समितीत होतो, मी विरोध नोंदवला. खरातांच्या शेंगा वाळायला आठ-दहा दिवस कमी आहेत, तेवढे थांबा म्हटलं. गोरे म्हणाले, “साहेब, पाच रुपयांच्या शेंगा आहेत. आणि अंधश्रद्धेला आपण खतपाणी घालायचं का?” म्हटलं, ते दोरे बियाण्याचे आहेत, तुम्हाला स्वतःला एक दिलेला आहे. ते म्हणाले, “मला माहीत आहे हो. पाहुण्यांना कुठे माहीत आहे?” मतं पाच विरुद्ध एक पडली. एवढं मात्र कबूल झालं की खरातांशी बोलून मगच हात लावायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सगळी कॉलनी खरातांच्या आवाजाने जागी झाली. कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे दिवसभर ऊन लागायचं, तिथली एक शेंग इतरांच्या आधी वाळली होती. हंगामातली ती पहिली. ती नव्हती. दोरा तेवढा देठाला लोंबत होता. खरात रस्त्याच्या मधोमध उभे होते. “कोणी नेली? पयली शेंग कोणी नेली माझी? वाळकी शेंग, तिची भाजी बी व्हत न्हाई, मंग नेली कशाला? मी टेंभुर्णीला चाललो पोळ्याला. दोन दिवसांत आणून ठेवा, मी नाव बी इचारणार न्हाई!” गोरे बाल्कनीतून बघत होते, त्यांच्याकडे बोट करून खरात म्हणाले, “चार नंबर, माझी नजर हाये!” मग पिशवी उचलली आणि चालत स्टँडकडे गेले.

त्यांची दोन दिवसांची गैरहजेरी पुरेशी झाली. पोळ्याच्या दिवशी दुपारी चार मजूर आले. कोणाशी बोलून वगैरे काही झालं नाही. मी कारखान्यात होतो, मी तिथे हिशेबाचं काम बघतो, आम्हाला पोळ्याची सुट्टी नसते. संध्याकाळी परतलो तेव्हा कुंपण मोकळं होतं आणि त्यावर निळा रंग चढत होता. वेल घंटागाडीत गेले. पिवळ्या पडलेल्या शेंगा, दोरे, सगळं. कापलेही नव्हते, मुळासकट ओढून काढले होते, कुंपणाच्या कडेने उकरलेल्या मातीची रांग दिसत होती. खरात नेहमी सांगत, चवळी उपटायची नसते, मुळं मातीत ठेवायची, पुढच्याला कामी येतात.

आणि अकरा घरं? त्यांच्यासाठी मजूर लागले नाहीत. त्यांनी आपापले वेल आपल्या हाताने काढले. दोन दिवसांत अकराही अंगणं लख्ख. कुकर सतरा नंबरला मिळाला.

खरात परत आले तेव्हा मी फाटकाशीच होतो, त्यांना आधी सांगावं म्हणून. ते माझ्या खांद्यावरून कुंपणाकडे बघत होते. मला वाटलं आता ओरडतील. ते चालत कुंपणापाशी गेले आणि टेकायला गेले, तर रंग ओला. शर्टाच्या बाहीवर निळा पट्टा उमटला. “बरं,” ते म्हणाले, “अकरा घरी हाये की.” आणि एकेका घराकडे बघत निघाले. पहिल्या चार घरांपर्यंत मी त्यांच्या बरोबर गेलो. पुढे जाववलं नाही. गणपतीचे दिवस त्यांनी घरातच काढले. त्या दिवसांत सकाळी सहाला आमच्याकडे कोणाच्या आवाजाने दूध तापलं नाही.

आता त्या रविवारची बैठक. गोरेंनी पाचशे रुपयांचा प्रस्ताव मांडला. ‘नुकसानीपोटी, सहानुभूतीने.’ खरातांनी नोटांना हात लावला नाही. मंदिराच्या कठड्याला टेकून ते म्हणाले, “पैसे ठेवा. मला माझ्या शेंगा द्या. अकरा घरं, अकरा शेंगा. वाळायला आलेल्या व्हत्या, मी सोता बघितल्या. वेल काढला असंल, पण दोऱ्याची शेंग तर ठेवली असंल ना? हां, बोला. एक नंबर?”

ते तिकीट तपासायला निघाल्यासारखे एकेकापुढे उभे राहत गेले.

एक नंबरच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, नणंद आली होती, घाईत तोडल्या गेल्या.” चार नंबर, म्हणजे गोरे, म्हणाले, “आमच्याकडे बाईने चुकून भाजीत घातली.” सहा नंबर हसले: “काका, कोवळी होती हो, इतकी छान लागते ना तुमची चवळी!” हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. कोणाची वेलाबरोबर कचऱ्यात गेली होती. कोणी दोरा बांधलाच नव्हता. सतरा नंबर म्हणाले, “काका, एवढं काय त्यात? बाजारात पाकीट मिळतं, मी आणून देतो दोन.”

“त्या पाकिटात माझी आई हाये का?” खरात म्हणाले. आवाज मोठा नव्हता. तो माणूस हळू बोललेला मी तेव्हा प्रथम ऐकला.

अकराच्या अकरा. बियाण्यांचं गाव म्हणून जालन्याचं नाव. आमच्या कॉलनीतली सहा माणसं बियाण्याच्या कंपन्यांत पगार घेतात, त्यातली तीन या अकरा घरांतली. आणि अकरा घरांत मिळून एक वाळलेली शेंग नाही. कोणाला काही पेरायचं नव्हतं, खत घालायचं नव्हतं. फक्त एक शेंग न खाता राहायचं होतं. मला राग येतो तो वेलांसाठी नाही. कुंपण समितीचं होतं, समितीला हक्क होता असं म्हणता येईल. पण शब्द ज्याचा त्याने दिलेला होता, आणि तो एका वेळच्या भाजीत गेला. बरं, गेला तर गेला. त्याची लाज वाटावी, तर लोक हसत होते. गोरे मला म्हणाले, “साहेब, व्हाउचर करून टाका, सही घेऊ.” मी म्हटलं, घेणाऱ्याने घेतलेलंच नाही, व्हाउचर कशाचं करू? पाच नोटा उचलून मी समितीच्या पेटीत परत टाकल्या. नारळ तिथेच राहिला.

खरात निघाले होते. तेवढ्यात मंदिराच्या मागून मंगलबाई आल्या. बैठक त्यांच्यासाठी नव्हती. बहुधा बऱ्याच वेळच्या त्या तिथे उभ्या असाव्यात. डोक्यावरून पदर, हातात लाल कापडाची पुरचुंडी. खरातांपुढे येऊन त्या खालीच बसल्या.

“भाऊ, मला माफी करा. तुमची शेंग मी नेल्ती.”

कोणाला काही कळेना. त्यांनी पुरचुंडी उघडली. आत एक वाळलेली, हातभर लांब शेंग. टोकाला जांभळट. सगळ्या अंगाला हळदकुंकू.

“औंदा परत नवस बोलायला आल्ते पहाटं. दोरा बांधला. मंग वाटलं, परसाद म्हणून एखादी न्यावी. वाळकी व्हती, म्हणून म्हटलं हिचं कोणाला काय काम. देवघरात ठिवली. तुम्ही लय बोलले त्या दिशी, मला भ्या वाटलं. मंग वेलच काढून टाकले, तव्हा तर आणखीच भ्या वाटलं. माझ्यामुळंच झालं का काय.”

खरातांनी शेंग घेतली. कानाजवळ नेली. हलवली. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

मग म्हणाले, “पोरीचं काय झालं? भरतीचं?”

“न्हाई झालं भाऊ. पळण्यात दोन मार्कानं गेली.”

“मंग नवस फिटला न्हाई. परसाद परत कामून आणला?”

मंगलबाई रडता रडता हसल्या. खरातांनी तिथेच ओट्यावर बसून शेंग फोडली. तेरा दाणे. चारांना भोकं होती, ते वेगळे काढले. नऊ चांगले. पेटी त्यांच्या बगलेतच होती, अकरा शेंगा मिळतील म्हणून आणलेली. चवळीच्या खणात नऊ दाणे टाकून त्यांनी ती बंद केली आणि मंगलबाईंना म्हणाले, “ही उसनी हाये. मी आणून दीन.” मग आमच्याकडे वळले. गोरे काहीतरी बोलायला पुढे झाले होते. खरात त्यांना म्हणाले, “चार नंबर, घंटी मारा. माझा स्टॉप आला.”

त्याच आठवड्यात ते मुलीकडे घनसावंगीला गेले. मुलाने, सुनेने अडवलं. सून रडली, मला ते अपेक्षित नव्हतं. त्यांनी एकच सांगितलं, या फाटकाच्या आत आता पाय नाही. मुलीच्या घरामागे थोडी जागा आहे आणि तिथे दिवसभर ऊन असतं, एवढं मला जाताना सांगून गेले. पलंगाखालचा चेंडूंचा डबा सुनेने पोरांना वाटला.

कुंपणाचा निळा रंग पुढच्या उन्हाळ्यात उडाला. यंत्रांपैकी दोन गंजून बंद आहेत. उकरलेल्या मातीवर गाजरगवत वाढलं आहे. ते मात्र कोणाला रान वाटत नाही.

त्यानंतरच्या दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी मी कामावरून लवकर आलो तर कॉलनीच्या फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे, विजेच्या खांबाला टेकून खरात उभे होते. दोन्ही पाय फाकून. बगलेत पेटी. बारीक झाले होते. मी आत चला म्हटलं. “न्हाई. बारा नंबर, एक काम करा, त्या मंगलबाईंना बोलवा. मला तीनची गाडी हाये.”

मंगलबाई हात पुसत आल्या. खरातांनी पेटी उघडली. चवळीचा खण काठोकाठ भरलेला मी पाहिला. वर दोन वाळलेल्या शेंगा आडव्या ठेवलेल्या, दोन्हींच्या देठाला लाल दोरा.

“एक तुमची उसनी. एक नवसाची. तुमच्या पत्र्यावर ऊन हाये, मी बघून ठिवलंय. जुना ड्रम घ्या, खाली भोकं पाडा, वर चढू द्या. एका जागी दोन दाणे.”

“अन् दोरा?”

“दोरा बांधायचा. खायची न्हाई.”

“मी कधी खाल्ली?” मंगलबाई म्हणाल्या.

खरात मान हलवत हसले, माझ्याकडे न बघता “चला, जल्दी,” म्हणाले, कोणाला म्हणाले ते कळलं नाही, आणि स्टँडच्या दिशेने निघाले. वळणावर त्यांनी एका हाताने भिंतीचा आधार घेतला. पुन्हा मी त्यांना पाहिलं नाही.

खजिनदार म्हणून शेवटची नोंद मी करतो. समितीकडून किसनराव खरात यांना: काही नाही. पाचशे रुपये पेटीत जमा आहेत. अकरा घरांकडून: काही नाही, अकरा शेंगा येणे. किसनराव खरात यांच्याकडून मंगलबाईंना, रस्त्यावर, माझ्या समक्ष: वाळलेल्या चवळीच्या शेंगा दोन. पोचल्या.